वरच्या बेडकांना खालचं स्थळ

आमच्याकडे इतके किस्से साठतात त्याला जबाबदार लोणावळ्याचं ट्रॅफिक! कुरवंड्याहून स्टेशनपाशी यायला एरवी फार वेळ लागत नाही. पण पावसाळ्यातला शनिवार असला की गाडी जी अडकते ती अडकतेच. पुढे मुंबईच्या गाड्या, मागे पुण्याच्या गाड्या, मधे आमची जीप. मग करायचं काय? दिवसभरात ज्याच्या डोक्याला जो ताप झाला असेल तो त्याने सांगायचा. असं करत करत इतका साठा झालाय की कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी पाऊल टाकलं की लोक डबा बाजूला सारून विचारतात, "काय मग, या आठवड्यात कोणी छळलं तुमच्या बेडकांना?"

हो, बेडूक! मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि पावसाळाभर बेडकांच्या मागे हिंडते. टीम म्हणजे आम्ही तिघं. प्रोजेक्ट ज्यांचा आहे त्या सुलभा मॅडम, मी, आणि जीप ज्यांची आहे ते सलीमभाई. सलीमभाई लोणावळ्याचेच. टुरिस्टना पॉइंट दाखवायचा धंदा. पण आमच्याबरोबर हिंडून हिंडून आता पॉइंट सोडून टुरिस्टना बेडूकच दाखवतात आणि बोलणी खातात.

आमचं दुखणं काय ते आधी सांगते, म्हणजे माझी चिडचिड कशापायी ते कळेल. कुरवंड्याच्या पुढे वर मोठा कातळ आहे. पावसाळ्यात त्याच्यावर डबकी साचतात आणि त्यात अंगठ्याच्या पेराएवढे बेडूक राहतात. खाली उतारावर एक वाडी आहे, वाडीची भातखाचरं आहेत, आणि तिथेही तेच बेडूक. मधून एक ओहोळ वाहतो. पूर्वापार वरचे बेडूक ओहोळाने खाली यायचे, खालचे वर जायचे, सोयरिकी जमायच्या. मग तिथे बंगल्यांची एक स्कीम आली. तिने मधोमध आडवी भिंत घातली आणि ओहोळ पाइपात कोंबला. आता वरचे वर, खालचे खाली. वरच्यांचं सगळं आपापसातच चाललंय. असं पिढ्यान् पिढ्या झालं की सगळ्यांचं रक्त एकसारखं होतं, अंडी कुजायला लागतात, आणि एखादा रोग आला की एकजात सगळे जातात. आम्ही मागत काय होतो? भिंतीच्या तळाशी एक वाट. राजवाडा नव्हतो मागत!

*

बेडकाचे जीन्स तपासायला त्याला मारावं लागत नाही. कापसाच्या काडीने तोंडात आतून हळूच पुसायचं, काडी नळीत घालायची आणि बेडूक जिथला तिथे सोडून द्यायचा. पण करोनानंतर ती काडी ओळखत नाही असा माणूस मावळात उरलेला नाही!

पहिल्याच आठवड्यात मी खाचराच्या बांधावर बसून एका बेडकाच्या तोंडात काडी घालत होते. मागे हिरामावशी कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. हिरामावशी खालच्या वाडीतल्या, आणि खाचर त्यांचंच. त्यांनी झटकन पदर नाकाला लावला आणि मागे सरकल्या.

"बेडकांत पन आला का गं बाई त्यो?"

"नाही हो मावशी, करोना नाही. कोण कोणाचा नातेवाईक तेवढं बघतोय."

मावशींनी पदर सोडला आणि वाकून बघितलं. "आमच्या टायमाला घातली ती पार मेंदवापत्तुर! डोळ्यातनं पानी काढलं. आन् बेडकाला बघा कशी तान्ह्या बाळावानी पुसतीया!"

दुसऱ्या दिवसापासून वाडीतला जो तो विचारायला लागला, "निगेटिव्ह आला का?" शेवटी सलीमभाईंनी परस्परच जाहीर करून टाकलं, "सगळे निगेटिव्ह आहेत. तरी वरच्यांना त्या भिंतीवाल्यांनी कायमचं क्वारंटाइन केलंय!"

*

वाडीतल्या लोकांना आपलं काम समजावून सांगायला हवं, असं मॅडमचं म्हणणं. बरोबरच आहे. समाजमंदिरात माणसं जमली. मॅडमनी सुरुवात केली, "जनुकीय विविधता म्हणजे..." आणि पहिल्या ओळीतले एक आबा तिथेच पेंगायला लागले.

मी मधेच उठले. म्हटलं, "आबा, एखाद्या गावात बाहेरून सूनच आली नाही, सगळी लग्नं भावकीतच लागायला लागली, तर चालेल का?"

आबा खडबडून जागे झाले. "मामाची पोरगी चालती की!"

सगळे हसले. पण मॅडमही काही कमी नाहीत. "मामाची चालते हो आबा. पण वरच्या बेडकांत आता मामाही तोच, काकाही तोच आणि सासराही तोच!"

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग लय वंगाळ."

आणि मग वाडीचंच गाऱ्हाणं निघालं. ओहोळाच्या कडेने वर रस्त्याला लागणारी त्यांची जुनी पायवाट होती. तीही त्या भिंतीने खाल्लेली! आता बाजारहाट करायचा, दवाखान्यात जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा. आबा म्हणाले, "मुलगी द्यायला पावनं येत्यात ते रस्त्यावरनं भित बघत्यात. 'वाडी कुटं हाय?' म्हनत्यात. भितीमागं हाय म्हनलं, की गाडी फिरवून माघारी!"

हिरामावशी मॅडमचा हात धरून म्हणाल्या, "तुमचं मोठी लोकं ऐकत्यात. बेडकांची वाट मागाल तवा आमची पन मागा."

"मागू," मॅडम म्हणाल्या.

*

मग आम्ही स्कीमच्या मॅनेजरला भेटायला गेलो. तरुण मुलगा, इस्त्रीचा शर्ट, प्रत्येक वाक्याच्या आधी 'बेसिकली'.

"बेसिकली मॅडम, बेडकांची काळजी आम्हालाही आहे. आमच्याकडे पाच वॉटर बॉडीज आहेत!"

वॉटर बॉडीज म्हणजे कारंजी. निळ्या फरश्या, खाली रंगीत दिवे. पाण्याचा वास आला तशी मी विचारलं, "यात काय घालता?"

"क्लोरीन. हायजीन मस्ट आहे."

बेडूक कातडीतून पाणी पितो, कातडीतून श्वास घेतो! मी ते सांगणार, तेवढ्यात त्याने अभिमानाने कारंज्याच्या काठाकडे बोट दाखवलं. तिथे सिमेंटचा हिरवागार बेडूक बसवला होता, तोंडातून पाण्याची पिचकारी मारणारा. "आणि ही बघा आमची फ्रॉग थीम!"

सलीमभाईंनी त्या बेडकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "साहेब, तुमच्याकडे हाच एक जगेल."

भिंतीतल्या वाटेचं विचारलं तर म्हणाला, "वरती बोलतो." वाडीच्या पायवाटेचं विचारलं तर चेहराच बदलला. "ते जमिनीच्या टायटलचं मॅटर आहे मॅडम, लीगल आहे. त्यात तुम्ही पडू नका."

*

याच स्कीमने परवानगीच्या वेळी एका तज्ज्ञाकडून सर्व्हे करून घेतला होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'सदर जागेत बेडूक आढळले नाहीत.' मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. ज्या कातळावर पावसाळ्यात पाय ठेवताना दहादा बघावं लागतं, तिथे एकही नाही?

त्या गृहस्थांना फोन लावला. बोलायला अगदी सज्जन.

"सर, आपण सर्व्हेला कधी गेला होता?"

"मे महिन्यात."

अहो, मे महिन्यात! तेव्हा बेडूक कातळाच्या फटींत, मातीत खोल दडून बसलेले असतात. भाद्रपदात झाडावर हापूस शोधायचा आणि कोकणात आंबा होत नाही म्हणून लिहून द्यायचं, असला प्रकार! मी तोंडावर ताबा ठेवून म्हटलं, "सर, बेडकांसाठी पावसाळ्यात जायला हवं होतं ना?"

ते मनापासून म्हणाले, "पावसाळ्यात कसं जाणार हो? तिकडे सगळीकडे पाणीच पाणी असतं!"

*

आता सलीमभाईंचा किस्सा. कुरवंड्याच्या रस्त्यावर रविवारची रांग लागलेली, गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या. समोर एक बेडूक रस्ता ओलांडत होता. तोही निवांत. सलीमभाईंनी जीप थांबवली, उतरले, डोक्यावरची टोपी काढून बेडकाला तिच्यात घेतलं आणि पलीकडच्या गवतात सोडायला निघाले.

मागे हॉर्नचा गदारोळ! एका मोठ्या गाडीतून एक जण अर्धा बाहेर येऊन ओरडला, "ओ! एका बेडकासाठी सगळी लाइन थांबवली? आम्ही काय वेडे आहोत का?"

सलीमभाई गवतातून टोपी झटकत आले. "साहेब, तुम्ही व्ह्यू बघायला चाललाय, तो घरी चाललाय. व्ह्यू कुठं पळून नाही जात!"

त्या माणसाने काच वर घेतली. पुढच्याच वळणावर त्याच रस्त्यावर चिरडलेले किती दिसले ते मी सांगत बसत नाही.

*

वरच्या डबक्यांपाशी आम्ही एक बोर्ड लावला. 'ही बेडकांची पिल्लं आहेत, मासे नाहीत. कृपया नेऊ नका.' खाली माझा फोन नंबर. ही माझीच अक्कल!

थोड्या दिवसांनी एका बाईंचा फोन आला. आवाज तापलेला. "आम्ही देहूरोडहून बोलतोय. तुमच्या डबक्यातले मासे मुलीसाठी नेले होते. त्यांना पाय फुटलेत!"

मी डोळे मिटले. "अहो, ते मासे नव्हतेच. बेडूकमासे होते ते."

"मग तसं लिहायला काय होतं तुम्हाला?"

"बोर्डावर तेच लिहिलंय. त्याच बोर्डावरून तुम्ही माझा नंबर घेतलात ना?"

बाईंचा आवाज जरा खाली आला. मग म्हणाल्या, "आम्ही नंबरचाच फोटो काढला होता. वरचं कोण वाचत बसतं?"

"आता कुठे आहेत ती पिल्लं?" मी घाईघाईने विचारलं. म्हटलं, निदान आणून सोडता येतील. आधीच वरच्या डबक्यांत कुठलेही दोन उचलावेत तर सख्खी भावंडं निघावीत अशी अवस्था. त्यातून वेगळं रक्त असलेलं एखादंच घर शिल्लक असेल, आणि नेमकं तेच बिसलेरीच्या बाटलीत भरून देहूरोडला गेलं असेल तर?

"इथल्या नाल्यात सोडून दिली," बाई म्हणाल्या. "शेवटी निसर्गातच ना!"

*

यापुढचं आठवलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक उठते.

मॅनेजरशी दुसरी मीटिंग झाली तेव्हा मॅडमनी त्याला अगदी सोप्या शब्दांत सांगितलं, "वरच्या बेडकांना नवं रक्त मिळायला हवं. म्हणून वाट उघडा." त्याने मान डोलावली, मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं. आम्हाला वाटलं, चला, डोक्यात शिरलं याच्या!

आठवड्याभराने सलीमभाईंचा फोन आला. "ताई, लवकर या. कातळावर मांडव घातलाय."

जाऊन बघतो तर बॅनर! 'बेडूक पुनर्वसन सोहळा.' फोटोग्राफर, छत्र्या, चहाचे थर्मास. आणि मधोमध निळा प्लॅस्टिकचा ड्रम. त्यात तळहाताएवढाले पिवळेधमक बेडूक! सुदुंबऱ्याकडच्या भातशेतीतून पकडून आणलेले. निम्मे डबक्यांत सोडूनही झाले होते.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, काय केलंत हे?"

"नवं रक्त, मॅडम! तुम्हीच म्हणालात ना?"

"हे बेडूक छोट्या बेडकांना खातात!"

"पण... बेडूकच आहेत ना?"

सून आणा म्हटलं तर यांनी घरात वाघ आणून सोडला! शिवाय हा मोठा बेडूक पकडणं कायद्याने गुन्हा. मॅडम ज्या ओरडल्या, ज्या ओरडल्या! इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. मग आम्ही तिघं साड्या-पँटी खोचून, भर पावसात, बादल्या घेऊन डबक्यांत. भिंतीला वळसा घालून बाजाराला निघालेल्या हिरामावशी ते बघून थांबल्या, पाटी ठेवली आणि त्याही उतरल्या. पकडलेल्या एका धुडाच्या तोंडातून एक इवलासा पाय बाहेर लोंबत होता. सलीमभाईंनी ते धूड तसंच उचलून मॅनेजरच्या नाकासमोर धरलं.

मॅनेजर फोटोग्राफरकडे वळून म्हणाला, "हा घेऊ नको!"

त्या संध्याकाळी मॅडमनी त्याला एवढंच सांगितलं, "वाट उघडा, नाहीतर मी हे वनखात्यात आणि पेपरात घेऊन जाते." तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन. "वरून ओके आलंय मॅडम. बेडकांची वाट करतोय. कंपनीच्या समाजकार्याच्या फंडात, सीएसआरमध्ये बसतंय."

"आणि वाडीची?" मॅडमनी विचारलं.

"ते सीएसआरमध्ये बसत नाही."

*

शेवटी वाट झाली. भिंतीच्या बुडाशी, ओहोळाच्या जागी, पाइप काढून चौकोनी भोक. सुरुवातीला ते वीतभरच ठेवणार होते. पावसाचा लोंढा कसा जाईल, दगडगोटे अडकून भोक बुजेल, म्हणून मॅडम भांडल्या आणि चांगलं मोठं करून घेतलं. वर इंग्रजी पाटी, बेडकाचं चित्र, आणि लाल रिबीन.

उद्घाटनाला पुण्याहून पाहुणे आले होते. खुर्च्या, माइक, सगळं रस्त्याच्या बाजूला. वाडीतली माणसं बाजाराहून परत येत होती. ती घोळक्याने कडेला उभी राहिली. पुढे खालपर्यंतचा वळसा शिल्लकच होता, तेवढाच विसावा.

मॅनेजरने भाषण केलं. "विकास आणि निसर्ग हातात हात घालून जाऊ शकतात हे आम्ही दाखवून दिलंय. आम्ही कोणाचीही वाट अडवत नाही. प्रत्येक जीवाला आपल्या माणसांकडे जाण्याचा हक्क आहे!" माझ्या शेजारी सलीमभाई दात-ओठ खात उभे होते. मॅडम खाली बघत होत्या. पाहुण्यांनी रिबीन कापली. टाळ्या पडल्या. एकजण म्हणाला, "व्हेरी सेन्सिटिव्ह!"

टाळ्या थांबायच्या आत हिरामावशी घोळक्यातून पुढे आल्या. डोक्यावर बाजाराची भरलेली पाटी. त्यांनी पाटी खाली ठेवली, वाकून भोकातून पलीकडे बघितलं. पलीकडे त्यांचं खाचर होतं, खाचराच्या पुढे घर. त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला, पाटी आधी आत ढकलली, आणि घोट्याएवढ्या पाण्यात गुडघे टेकून, मग कोपरांवर, सरपटत आत शिरल्या.

"ओ मावशी!" वॉचमन शिट्टी वाजवत धावला. "ओ! माणसांना अलाउड नाही! बेडकांसाठी आहे ते!"

मावशींचे चिखलाने भरलेले तळपाय तेवढे बाहेर दिसत होते. तेही आत गेले. पाहुणे मॅनेजरकडे बघायला लागले, आणि मॅनेजर माइककडे.

"मावशी, माघारी या! बेडकांसाठी आहे सांगतोय ना!"

भिंतीपलीकडून आवाज आला, "मंग बेडकालाच इचार की! त्यो न्हाई म्हनला तर येते माघारी!"

वॉचमन वाकला. भोकातून एक ओला हात बाहेर आला, कोपरापर्यंत चिखल, हिरव्या बांगड्या वाजवत.

"ए गंगे, उबी काय ऱ्हायलीस? दे तुजी पाटी हिकडं!"